कच्चे मडके

आपल्या भागात कोणत्याही गावी जा, एखादा तरी असा तरणा माणूस भेटतोच, की पाहुण्यांनी त्याची चौकशी केली की घरची माणसे पाऊसपाण्याचा विषय काढतात. तो आजारी नसतो, व्यसनी नसतो, मनाने वाईट तर मुळीच नसतो. फक्त त्याचे कामात लक्ष नसते. बापाचा धंदा त्याला जमत नाही आणि दुसरे काही तो धरत नाही. आई त्याच्यासाठी ताट झाकून ठेवते आणि झाकता झाकता बोलत राहते. मग कोणीतरी शहाणे माणूस सुचवते, की याचे लग्न करून टाका, अंगावर पडले की आपोआप सुधारेल. लग्न होते. तो तसाच राहतो. घरात बोलणी खाणारे एक माणूस मात्र वाढते.

अशा माणसाच्या शेजारी मी संत नामदेवांचे नाव ठेवणार आहे. काहींना ते रुचणार नाही. पण संतांची चरित्रे आपण बहुधा शेवटाकडून वाचतो. पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी आधी दिसते, घुमानचे देऊळ दिसते, आणि मग त्या उजेडात मागचे सगळे आयुष्य उजळलेले दिसते. त्यांच्या घरच्यांना हा शेवट माहीत नव्हता. त्यांच्यापुढे होता तो लग्न झालेला, मुलेबाळे असलेला, आणि दिवसभर देवळात बसणारा एक मुलगा. मला त्या घराविषयी लिहायचे आहे.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधला, म्हणजे इ. स. १२७० चा. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच. वडील दामाशेटी, आई गोणाई. जात शिंप्याची, धंदा कापड शिवण्याचा आणि विकण्याचा. कुटुंब पंढरपुरात राहत होते आणि विठ्ठलाची भक्ती घरात आधीपासूनच होती. गोणाईने नवससायास करून हा मुलगा मिळवला, असे परंपरा सांगते. लहानपणची एक गोष्ट तर आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. वडील बाहेरगावी गेले म्हणून आईने नैवेद्य मुलाच्या हाती दिला. देव खात नाही हे पाहून मुलगा हटून बसला, आणि अखेर देवाला जेवावे लागले. गोष्ट गोड आहे. पण लहान मुलाने केलेला हट्ट घराला गोड वाटतो, तोच हट्ट मोठा झाल्यावर चालू राहिला की घराला घोर लागतो. नामदेवांच्या घराचे तेच झाले.

त्यांचे लग्न रीतीप्रमाणे लहान वयातच राजाईशी झाले. पुढे नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार मुलगे झाले, लिंबाई ही मुलगी झाली. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना आल्या. बहीण आऊबाई होती. गंगाखेडहून लहानपणीच दामाशेटींच्या आश्रयाला आलेली जनी होती. आईवडील, नवराबायको, बहीण, मुलेसुना आणि जनी, असे मोजले तर पंधरा माणसे होतात. पंधरा तोंडांचे घर आणि कर्त्या मुलाचे लक्ष दुकानात नाही. यात काय काय घडत असेल, ते आपल्यापैकी पुष्कळांना सांगावे लागणार नाही.

महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयात या काळातल्या कथा आल्या आहेत. त्या सर्व इतिहास म्हणून घेता येणार नाहीत. नामदेव गेल्यानंतर चारशे वर्षांनी त्या या रूपात लिहिल्या गेल्या. परंतु लोकांनी कोणत्या गोष्टी जपून ठेवल्या, हे पाहण्यासारखे आहे. एक गोष्ट अशी, की वडिलांनी कापडाचे गाठोडे देऊन मुलाला बाजारी धाडले. मुलाने भाव केला नाही, गिऱ्हाईक केले नाही. दगड उघडे दिसले म्हणून त्यांनाच कापड पांघरले, आणि पैशाला जामीन म्हणून त्यातलाच एक धोंडा घरी आणला. पुढे त्या धोंड्याचे सोने झाले, असे कथा म्हणते. तो चमत्कार आपण बाजूला ठेवू. उरते ते एवढेच, की बाप दाराशी वाट पाहत आहे आणि मुलगा पैशाऐवजी धोंडा घेऊन येतो आहे. हा प्रसंग कोणी मनाने रचला असेल, तर त्याने असा मुलगा आणि असा बाप नक्कीच पाहिला होता.

दुसरी गोष्ट राजाईची. घरात खायला नाही, अंगावर धड वस्त्र नाही. परिसा भागवत नावाच्या भक्ताच्या घरी परीस होता. त्याच्या बायकोला राजाईची दया आली आणि तिने तो परीस काही वेळापुरता राजाईला दिला. लोखंडाचे सोने झाले, त्या दिवशी चूल पेटली, स्वयंपाक झाला. नामदेव घरी आले, हे कुठून आले असे त्यांनी विचारले, आणि परीस घेऊन चंद्रभागेत टाकून दिला. कीर्तनात ही गोष्ट नामदेवांच्या वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी ही गोष्ट ऐकते तेव्हा माझे लक्ष राजाईकडे जाते. वस्तू उसनी आणलेली होती. शेजारणीला काय सांगायचे, हे तिला ठरवायचे होते.

आता या घरातला खरा गुंता सांगते. पंधरा माणसांखेरीज या घरात सोळावा एक होता, तो विठ्ठल. घरातले प्रत्येक माणूस त्याच्याशी घरच्या माणसासारखेच भांडत होते. गोणाईचे म्हणणे असे, की मी नवसाने मिळवलेला मुलगा तू नादी लावून घेतलास, तो मला परत दे. नात्यातल्या कोणी पोराला बिघडवले तर आई त्याच्या दारात जाऊन जसे भांडेल, तशी ती देवळात जाऊन भांडते. राजाईची रीत वेगळी आहे. ती देवाशी बोलत नाही. ती रखुमाईकडे जाते आणि तुझ्या नवऱ्याला आवर, त्याने माझा नवरा नेला, अशा अर्थाचे गाऱ्हाणे घालते. बाईने बाईपाशी बोलावे तसे हे बोलणे आहे. आणि जनी तर दळताना, कांडताना, शेण वेचताना त्याच विठ्ठलाला हाताशी धरते. ज्याने आईचा मुलगा आणि बायकोचा नवरा घेतला, तोच जनीला दळू लागतो. आईची माया, बायकोचे प्रेम आणि दासीची ओढ अशा तिन्ही वाटा एकाच दाराशी जातात, आणि तिथे तिघींना तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. नवराबायकोत तिसरे माणूस आले की घर मोडते, असे आपण म्हणतो. इथे तिसरा देव होता, म्हणून बोट तरी कोणाकडे दाखवायचे?

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही भांडणे आपल्याला कळतात, ती नामदेवांच्या शत्रूंकडून नव्हे. गोणाई, राजाई, जनी यांच्या नावावरचे अभंग नामदेवांच्याच अभंगांबरोबर गाथेत आले आहेत. त्यांतला कोणता अभंग नेमका कोणी रचला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही वारकऱ्यांनी आपल्या एवढ्या मोठ्या संताविरुद्ध त्याच्या आईची आणि बायकोची तक्रार पुसून टाकली नाही, ती टाळमृदंगावर म्हणत ठेवली. किती थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या बायकोची बाजू अशी तिच्या नावानिशी सापडते?

हे सगळे मी पुस्तकातून काढून लिहिते आहे, असे कोणी समजू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझा थोरला भाऊ बारावीला राहिला. तेव्हापासून तो घरीच आहे. शेतात पाठवले तर बांधावर बसतो, दुकानात ठेवले तर आठ दिवसांत परत येतो. त्याचेही लग्न, सुधारेल म्हणून, करून झाले आहे. आई त्याला बोलते, वहिनीला बोलते, आणि वहिनी आम्हां दोघींच्या वाटचे काम उरकते. मी सकाळची बस पकडते, तेव्हा माझ्या वाटची भांडी तिच्यापुढे पडलेली असतात. जनीचे दळण वाचताना ती भांडी मला दिसतात, एवढेच सांगायचे आहे. माझा भाऊ नामदेव आहे, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे त्याच्यावरही अन्याय होईल. पण अशा माणसाविषयी शेवटचा निकाल कोणी आणि कधी द्यावा, हा प्रश्न मला पडतो, आणि त्याचे एक उत्तर आमच्याच शिवेवर घडून गेलेले आहे.

संतकथांत गोरोबाकाकांच्या गावाचे नाव तेरढोकी असे येते. तेर म्हणजे तेरणाकाठचे जुने गाव, प्राचीन काळचे तगर. दूर देशांतल्या व्यापाऱ्यांनाही त्याचे नाव ठाऊक होते. ढोकी आमची. ही दोन नावे आमच्याकडची जुनी माणसे अजूनही एका दमात घेतात. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ चा. जमलेल्या संतांत ते वयाने वडील, म्हणून काका. त्यांच्या घरातला पेच नामदेवांच्या घरापेक्षा लहान नव्हता. चिखल तुडवताना भजनात देहभान हरपले आणि रांगते मूल पायाखाली गेले. बायकोने आक्रोश केला, आणि त्यातून विठ्ठलाची आण पडून नवराबायकोतला स्पर्शच संपला. वंश बुडू नये म्हणून सासऱ्याने धाकटी मुलगीही त्यांनाच दिली आणि दोघींना सारखेच वागवा असे सांगितले. गोरोबांनी ते अक्षरशः मानले. थोरलीला स्पर्श नाही म्हणून धाकटीलाही नाही. दोघी सख्ख्या बहिणी एका घरात सवती झाल्या आणि दोघीही एकट्या राहिल्या. पुढे स्वतःचे हात तोडण्यापर्यंत ही कथा जाते आणि विठ्ठलकृपेने सर्व परत मिळून संपते. म्हणजे नामदेवांची परीक्षा ज्याने घेतली, तो कोणी घरदार सोडलेला बैरागी नव्हता. संसारात होरपळलेला आणि रोज चाक फिरवणारा कुंभार होता.

ती परीक्षा अशी. ज्ञानदेवांसह सर्व संत गोरोबांच्या घरी जमले होते. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ साली, म्हणजे प्रसंग त्याच्या आधीचा आणि नामदेव तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. कोपऱ्यात थापटणे पडले होते. हे काय, असे धाकट्या मुक्ताईने विचारले. मडके पक्के की कच्चे ते याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आमच्यातले कोण कच्चे तेही पाहा, असे ती म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सर्व गप्प बसले. नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके कच्चे आहे.

घरात आई बोलत होती, बायको बोलत होती, तेव्हा नामदेवांना देवळाचा आधार होता. देव आपल्याशी बोलतो, ही त्यांची सर्वांत मोठी जमा होती. तेरढोकीला तीच जमा संतांनी पुरती धरली नाही. ते उठून थेट पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घातले. विठ्ठलानेही गोरोबांचीच बाजू घेतली आणि त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेव संतापले. जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे त्या म्हाताऱ्याने सांगितले, आणि तशी जागा काही सापडेना. एका देवळातला, एका विटेवरचा देव तिथे सुटला आणि सगळीकडचा देव हाती आला, असा या कथेचा अर्थ जाणते सांगतात.

आमच्या गावाकडची कुंभारकी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. कच्चे मडके आणि फुटके मडके यांत फरक आहे. फुटके उकिरड्यावर जाते, कच्चे आव्यात जाते. गोरोबांनी नामदेवांना फुटके म्हटले नाही. अजून भाजणे राहिले आहे, एवढेच सांगितले. आपण मात्र घरात बसलेल्या माणसाला पहिल्या दोन-चार वर्षांतच फुटके ठरवतो, नाहीतर आईच्या मायेने पक्के म्हणून झाकून ठेवतो. थापटणे मारून खरे काय ते सांगणारा आणि वर आव्याची वाट दाखवणारा माणूस सर्वांना भेटत नाही.

पुढचे नामदेव निराळे आहेत. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. आळंदीला ज्ञानदेवांची समाधी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि तिच्या वियोगाचे अभंग रचले. त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि यादवांचे राज्य डळमळले. राज्ये मोडत असताना हा शिंप्याचा मुलगा कीर्तन करीत गावोगाव हिंडला आणि उत्तरेत पंजाबपर्यंत पोहोचला. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांची स्मृती आजही जपली जाते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्या ग्रंथाचे पहिले संकलन १६०४ चे, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे परक्या मुलखातल्या लोकांनी ती तोंडी आणि लेखी सांभाळली होती. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मुद्दाम घुमानला भरले, ते यासाठीच. ज्याला बाजारात जाऊन कापड विकता आले नाही, त्याचा माल एवढ्या लांब गेला.

मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. परंपरेप्रमाणे हे साल १३३८. नामदेव तेव्हा सत्तरीला टेकलेले. ते स्वतः तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडांची सरमिसळ झाली होती. ते एकेक हाड कानाला लावत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून वेगळी केली. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल ठेवू दिले नव्हते, त्यांच्या अस्थी त्यांनी महाद्वारासमोर आणून ठेवल्या. तेरला ज्याच्या डोक्यावर थाप मारून कान देऊन पाहिले गेले, तोच म्हातारपणी हाडांना कान लावून आपले माणूस ओळखत होता. मडके पक्के झाले होते.

शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, नामदेवांनी देह ठेवला. पंजाबात त्यांचा शेवट घुमानला झाला असे मानतात. आपल्याकडची श्रद्धा अशी, की पंढरपूरच्या महाद्वारात त्यांनी सर्व कुटुंबासह समाधी घेतली आणि भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून पायरी झाले. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली लाडाई तेवढी मागे राहिली आणि तिच्यामुळे वंश चालला, असे सांगतात. नामदेव पायरी आपण म्हणतो खरे, पण त्या पायरीखाली गोणाई आहे, राजाई आहे, जनी आहे. जन्मभर ज्या देवाशी त्या भांडल्या, त्याच्याच दारात.

हे सर्व मी एकदा घरी वहिनीला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने एवढेच विचारले, की राजाईला शेवटी काय मिळाले? मी म्हणाले, तिचे नाव राहिले, तिचे बोलणे राहिले. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि नाव राहून पोट भरते का, असे विचारले. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. आमच्या मराठीच्या सरांनाही मी तो विचारला, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कला शाखेला जाणे म्हणजेच रिकामे फिरणे असे समजतात. उद्या पदवी हाती आल्यावर काही दिवस आपणही घरी बसू, आणि पाहुणे आपलीही चौकशी करतील. तेव्हा कोणी कच्चे म्हटले तर रागावून उठण्याआधी आवा कुठे आहे ते शोधावे, हे मी नामदेवांकडून शिकले. आणि आपले मडके भाजत असताना घरात कोण दळते आहे, कोण भांडी घासते आहे, त्या माणसाचे नाव विसरू नये, हे त्या घरातल्या बायकांकडून. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरते. यंदा वहिनीला आणि भावाला दोघांनाही घेऊन जायचे ठरवले आहे. वहिनी येते म्हणाली आहे. भाऊ अजून काही बोललेला नाही.